शिकलगार सायकल, चारनंतर

शटरवर खडूनं तेवढंच लिहिलं
आणि तमन्नाला घेऊन निघालो.
तिच्या पाठीवर तिच्याहून रुंद पिशवी,
आत गिटार,
हॉस्टेल सोडून गेलेल्या एका पोरानं
दोन टायर आणि अकरा पंक्चरच्या उधारीत ठेवलेली.

मला सूर कळत नाही.
स्पोक कळतो.
चाक फिरवत एकेकाला नख लावायचं :
ढिला असला तर थड्‌ म्हणतो,
फार आवळला तर किंचाळतो,
आणि मग कधीतरी, बुधगावच्या रस्त्यावर,
कुणाच्या तरी बुडाखाली तुटतो.
एवढ्याच भांडवलावर
मी पोरीसाठी मास्तर शोधत होतो.

विश्रामबागेत तिसरा मजला, काचेचं दार.
तीन महिन्यांची फी आगाऊ, टी-शर्ट त्यातच.
केतन सरांनी वाजवून दाखवलं.
काय बोटं! उताराला लागलेली, बिनब्रेकची.
माझं तोंड उघडंच राहिलं.
तमन्नानं विचारलं, "सर, बोट कुठं ठेवायचं?"
"येईल, येईल," म्हणाले,
आणि आणखी एक वाजवलं.
आमची गिटार पिशवीतच राहिली.

संजयनगरात बेंजो पार्टीचा मारुती केंगार.
बनियनवरच होता, चहा पाजला, खारी दिली.
"लग्नसराई सोडून कधीबी या.
पैशाचं काय, बघू की."
माणूस सोन्यासारखा.
आमची गिटार मांडीवर घेतली, खुंटी पिळली,
पिळली,
सगळ्यात बारीक तार फाटकन तुटली.
हसला. "तार हाय, तुटणारच."
खरं आहे.
पण स्पोक तुटल्यावर मी हसत नाही,
गिऱ्हाईकासमोर तरी नाही.

मिरजेचा पत्ता औषधाच्या दुकानदारानं दिला होता.
मिशन हॉस्पिटलमागची गल्ली, एस्तेर वायदंडे,
रिटायर सिस्टर, रविवारी चर्चमध्ये वाजवतात म्हणे.
गवारी निवडत होत्या. हात धुतले, पुसले,
आणि गिटारीआधी पोरीचा हात मागितला.
नाडी बघावी तशी
एकेक बोट बघितलं, नखं बघितली.
"डावरी आहेस."
आम्ही दोघांपैकी कुणी बोललो नव्हतो.
"डावऱ्याला मी कधी शिकवलं नाही," म्हणाल्या,
"तारा उलट्या लावायच्या की हात बदलायचा,
ते आधी दोन्हीकडून धरून सांग.
मलाही बघावं लागेल."

कपाटातून कागदी पाकिटातली तार काढली.
खुंटीला पाव फेरा. थांबल्या. कान लावला.
पुन्हा पाव.
माझं नख आपोआप अंगठ्याला लागलं.
"आज इतकंच. नवी तार आहे,
उद्या उतरेल, परत चढवायची."
मी न राहवून म्हणालो,
नवं चाकही असंच, बाई,
आठवडाभर चाललं की बसतं,
मग पुन्हा आवळावं लागतं.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं.
"मग ऐका. महिनाभर हिची बोटं सोलतील.
तोवर घरात कुणी म्हणायचं नाही,
एखादं गाणं वाजवून दाखव."
हे बोलताना पोरीकडं बघत नव्हत्या.

महिना तीनशे. सोमवार, गुरुवार.
बोळात त्यांची लेडीज सायकल,
मागचं चाक आठाच्या आकड्यासारखं.
बघितलं, बोललो नाही.

रिक्षात तमन्ना बोटांवरचे वळ मोजत होती.
सांगलीची कमान आली तेव्हा म्हणाली,
"अब्बा, त्यांनी काहीच वाजवलं नाही."
खरंच की.
तासभर बसलो,
आणि त्यांना येतं का, हेच विचारायचं राहिलं.
शटरपाशी दोन सायकली आडव्या पडलेल्या,
साडेचार वाजून गेलेले.
गुरुवारी विचारू, म्हटलं.